शेवटची गाठ सगळ्यायले येते

इथं शोकसभेले जमलेल्या सगळ्या काकायले, मावश्यायले माहा नमस्कार.

मले उभं राहून बोलता येत नाही. हे तुम्हाले माहीत आहे. म्हणून मी हे टाइप करून आणलं. मोहल्ल्याच्या मंडळाचे अध्यक्ष महादेवरावजी म्हणे, मंडळाच्या फाइलीत एक कागद लावाले पाहिजे, तर टायपिंगच्या क्लासात बसून केलं. माहा स्पीड कमी आहे. चार दिवस लागले. कोणता श कुठं लावाचा ते मले अजून समजत नाही, मी आठवीतून घरी बसली. तर फाइलीत जे चुकीचं दिसन, त्याले माफ करजा. पण जे ऐकाले चुकीचं वाटन, त्याले माफ करू नका. ते मी समजून लिहिलं आहे.

मी कुसुम. नथ्थूजीची मोठी पोरगी. काल बाबाची तेरवी झाली. तुम्ही सगळे जेवाले होते.

माह्या आधी चार जण बोलले. चौघंही म्हणे, नथ्थूजी कुटुंबवत्सल होते. अन् चौघंही म्हणे, नथ्थूजी समाजसेवक होते. मी त्या दोन शब्दायच्या मधात सोळा वर्षं राह्यली. तुम्ही बाहेरून पाहत होते. तुम्हाले दोन्ही सोबत दिसत होते. आम्हाले घरात एका वेळी एकच दिसत होता. दुसरा गेलेला राहे.

कुठं गेलेला राहे, ते तुमच्यापेक्षा कोणाले माहीत? तुमच्याच घरी.

ह्या मोहल्ल्यात कोणी मेलं, की पहिला निरोप आमच्या ओसरीवर येत होता. डॉक्टरच्या आधी. नातेवाइकायच्या आधी. बाबा हातमागावर लुगडं इणत असले तर हातातला धोटा तसाच ठेवून उठत. मागाच्या खाली एक लोखंडी पेटी होती. त्यात अंबाडीच्या दोरीची गुंडाळी, कोयता, एक मोठी सुई, अन् कोरं पांढरं कापड. ते कापड बाबाचं स्वतःच्या मागावरचं होतं. ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, संपता संपता जो तुकडा राहते, लुगड्याले पुरत नाही, तो बाबा पेटीत ठेवत. म्हणत, ज्याचं कोणी नाही त्याले पुरते.

बांबू यायचे अन् आमच्याच ओसरीवर तिरडी बांधल्या जायची. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यायच्या दारात कोयता चालवू नये, असं बाबाचं म्हणणं. मी आत बसून धोट्यात घालाच्या सुताच्या कांड्या भरत राहो. चरखा फिरवता फिरवता मले सगळं दिसे. आधी दोरी बादलीत भिजवाची. भिजली की गाठ बसते, सरकत नाही. बांबूचा जाड भाग डोक्याकडे. आडव्या कामट्या सात. पहिली गाठ डोक्याकडची, सगळ्यात पक्की. तिच्यावर बाकीच्या गाठी जीव धरतात, असं बाबा म्हणत.

अन् शेवटची गाठ बाबा मारत नव्हते.

हे तुम्हाले सांगाची गरज नाही. तुमच्यातल्या प्रत्येकानं ती मारली आहे. सगळं बांधून झालं, की बाबा पोराले बोलावत. त्याच्या हातात दोरीचे दोन टोकं देत अन् म्हणत, "ये गा. आतापर्यंत परक्यानं बांधलं. शेवटची गाठ घरच्यानं माराची." तो रडत राहे, त्याचा हात धरून बाबा शिकवत. सोपी गाठ होती. एका ओढीत सुटणारी. मी एकदा इचारलं, "बाबा, तीच गाठ कच्ची काहून?" तर म्हणे, "पोरी, घाटावर ती घरच्यालेच सोडा लागते. त्याचे हात थरथरतात. तिथं त्याले गाठीसंग भांडाले लावू नये."

एवढा इचार करत होते तुमचा.

आता आमचं ऐका.

माही आई उमरेडची. तिची जीभ कशी आहे ते तुम्ही जाणता. बाबा घाटावरून आले की ती मागच्या दारी बादली ठेवे अन् तिथूनच सुरू होई. "या. आंघोळ करा. महिन्याचा साबण मढ्यायनंच संपवला आमचा." आई म्हणे, "पुढच्या जन्मी बांबूच व्हा तुम्ही. म्हणजे मधात माणसाचं लचांड नाही." बाबा अंगावर पाणी घेता घेता म्हणत, "बांबू झालो तं तूच तोडाले येशील वं, कोयता घेऊन." मंग आई हसे. पण जेवण थंड झालेलं राहे. माग तसाच राहे. अन् त्या दिवसाचं सूत वारा खात राहे.

हे हसाचं झालं. आता न हसाचं सांगते.

मी आठवीत होती. शाळेतल्या बाई म्हणे, परीक्षेच्या फारमावर बापाची सही पाहिजे, अन् बापानं स्वतः यावं, आज शेवटचा दिवस. मी बाबाले सकाळी सांगलं. बाबा म्हणे, दुपारी येतो. मी शाळेच्या फाटकापाशी उभी राह्यली. दुपार झाली. घंटा झाली. चपराशी म्हणे, "पोट्टी, जाय ना घरी, कोणाची वाट पाहून राह्यली?" मले आत जाऊन बाईले सांगता आलं नाही, की उद्या आणू का. माह्या तोंडातून शब्दच निघत नाही अशा वेळी. मी घरी आली. ओसरीवर बांबू पडले होते.

त्या दिवशी बाबा कोणाले बांधत होते ते मी सांगत नाही. त्यायचे पोरं तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यायचा काही कसूर नाही. त्यायचा बाप मेला होता.

संध्याकाळी बाबा माह्याजवळ येऊन बसले. केस ओले होते. मी म्हटलं, "काहून गेले बाबा? थोडा उशीर झाला असता तं काय झालं असतं?" बाबानं पंच्यानं केस पुसले. मंग म्हणे, "मेलेल्याले उशीर होऊ देऊ नये कुसुम. जित्याले होते उशीर. त्याचं चालते."

मी जिती होती. माहं चाललं. परीक्षा गेली, शाळा सुटली, मी मागावर बसली.

इथं खाली कोणी मान हलवून राह्यलं, की पाहा, कसा मोठा माणूस. हो. मोठाच होता. पण त्या वाक्याचा खर्च तुमच्याकडून गेला नाही.

तेही त्यायले समजत होतं. म्हणून मागच्या साली मले टायपिंगले टाकलं. म्हणे, "ज्या हाताले तुटलेलं सूत जोडता येते, त्याले मशीनही येईन." मले सरासंग बोलाची भीती वाटे. तर बाबा रोज सायकलवर डबल सीट आणत अन् क्लास सुटेपर्यंत खाली पायरीवर बसून राहत. एक तास. रोज. मोहल्ल्यात कोणी मेलं नाही त्या दिवशी रोज. आता बोला, कुटुंबवत्सल म्हणाचं का नाही? म्हणा. मी नाही म्हणत नाही. पण मी वर खिडकीपाशी बसे अन् दर दोन ओळींनी खाली वाकून पाहो, पायरीवर आहेत का गेले.

ही काय चिठ्ठी आली? माह्यासाठी? बरं. थांबा. हे संपल्यावर वाचते. इथं तांब्याखाली ठेवते.

आता त्या दिवसाचं.

बाबा जेवून मागावर बसले अन् पुढच्या दांडीवर डोकं टेकवलं. आईले वाटलं, झोप लागली. तिनं दोन टोमणे मारले. तिसऱ्या टोमण्याले तिले समजलं.

तुम्ही सगळे आले. मी खोटं बोलणार नाही, सगळे आले. गल्ली भरली. इस्त्रीचे शर्ट घालून आले. अन् ओसरीखाली उभे राह्यले. अर्धा तास झाला. कोणी बिडी काढली. कोणी म्हणे, उमरेडची मंडळी यायची आहे. कोणी म्हणे, ऊन उतरू द्या. मंग गर्दीतून एक आवाज आला, "अरे, खोळंबून काहून राह्यले गा? नथ्थूजीले बोलवा ना."

ज्याच्या हातात बिडी होती, त्यानं ती टाकली.

दौलतकाका, तुम्ही मान खाली घालू नका. माहा तुमच्यावर राग नाही. तुम्ही बाबाचे लहानपणचे दोस्त. मागाच्या एकाच खड्ड्यात पाय सोडून दोघं इणाले शिकले. तुमच्या तोंडातून निघालं, कारण ते सगळ्यायच्या मनात होतं. आत मी रडत होती तरी माह्याही मनात तेच आलं, आता बाबा येतील अन् सगळं नीट करतील. तुम्ही ते बोलले अन् खाली ओट्यावर बसून गेले अन् लेकरासारखे रडले. त्या दिवशी एवढं खरं कोणीच बोललं नाही.

पण बाकीच्यायले मले इचाराचं आहे.

बांबू आणले. चांगले आणले. दुकानातून दोरी आणली. नायलॉनची. नवी. पिवळी. कोणी म्हणे, नथ्थूजीले चांगली लागली पाहिजे. कापडही दुकानातून आणलं. ज्या माणसानं जन्मभर कापड इणलं त्याले पॉवरलूमचं कापड. ते जाऊ द्या. त्याले तेवढं समजत असन तं तोही हसला असन.

अन् मंग बांधाले बसले. आठ जण बसले. आठही जणायले वाटलं, आपल्याले येते. कारण प्रत्येकानं आपल्या बापाच्या वेळी, मायच्या वेळी, एक गाठ मारली होती. बाबानं हात धरून शिकवली होती. तीच गाठ सगळ्यायनं मारली. डोक्याकडं तीच. पायाकडं तीच. मधातही तीच. एका ओढीत सुटणारी. नायलॉनवर.

ह्या मोहल्ल्यात शेवटची गाठ सगळ्यायले येते. पहिली कोणालेच येत नाही. एवढ्या वर्षांत एकानंही म्हटलं नाही, की नथ्थूजी, सरका बाजूले, एक मले बांधू द्या. काहून म्हणाल? नथ्थूजी होते ना.

अन् बाबानंही कोणाले बसवून शिकवलं नाही. हाही राग माह्या मनात आहे, आज बोलते. मी म्हटलं होतं एकदा, कोणाले तरी शिकवा. तर म्हणे, "ज्याले याचं त्याले पाहून येते." बाबा, ते चरखा फिरवणाऱ्याले येते. बाहेर उभं राहून बिडी पिणाऱ्याले येत नाही.

मले येत होतं. हे तुमच्यावर ढकलणार नाही मी. बांबूचा आवाज आला तसं माह्या हातानं, सवयीनं, पेटीतली दोरी काढून बादलीत टाकली. मी दारामागं उभी होती, बादलीपाशी. भेगेतून मले तुमचे हात दिसत होते. मी पाहून राह्यली होती, की गाठी चुकून राह्यल्या. एक शब्द बोलाचा होता. "काका, ती नाही." एवढंच. माह्या तोंडातून निघाला नाही. शाळेत नाही निघाला तसाच. पोट्टीच्या जातीनं तिरडीले हात लावाचा का, कोण काय म्हणन, आई काय म्हणन, असं करता करता तुम्ही खांद्यावर घेतलं.

ते माहं. ते मी जन्मभर ठेवीन. बाकीचं तुमचं.

पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही. बाया घाटावर जात नाहीत. मले बंडूनं सांगलं. बंडू माहा भाऊ, नऊ वर्षांचा. आज तो इथं नाही. म्हणे, मी नाही येत, तिथं सगळे मले जवळ घेतात.

तो पुढं होता, मडकं घेऊन. पानठेल्याच्या समोर गाठी सुटल्या. एक सुटली, मंग दुसरी, मंग कामट्या सरकल्या. आपल्यात विसाव्याच्या आधी कोणाले खाली ठेवत नाहीत. बाबानं कितीकायले विसाव्यापर्यंत नेलं, कोणाले मधात टेकू दिलं नाही. त्यायले तुम्ही पानठेल्यासमोर ठेवलं. रस्त्यावर. अन् कोणीतरी सायकलच्या कॅरिअरचं रबर काढून बांधलं.

पण बंडूले कोणी सांगलं नाही.

बंडू म्हणे, "ताई, माह्यामागं रामनाम बंद झालं. मले वाटलं, थकले असन. मी मागं पाहिलं नाही. मडकेवाल्यानं मागं पाहू नये, बाबानंच सांगलं होतं." तो चालत राह्यला. सक्करदऱ्याच्या तलावाच्या वळणापर्यंत एकटा गेला. कमरेले बाबाचा पंचा, हातात धुराचं मडकं. एक सायकलवाला थांबला अन् म्हणे, "कोण गेलं बेटा?" तर हा म्हणे, "माहे बाबा. मागून येऊन राह्यले."

थांबा. मले पाणी नको. मी वाचते.

महादेवरावजी मघाशी बोलले, की मंडळाच्या भिंतीवर नथ्थूजीच्या नावाची संगमरवरी फरशी लावाची. तुम्ही टाळ्या वाजवणार होते, मंग आठवलं की शोकसभा आहे. ती फरशी लावू नका. लावाचीच असन तं लावा, पण मले त्याच्या बदल्यात काही पाहिजे. इथं उभं राहाची हिंमत मी त्याच्यासाठीच केली.

मले पेटी पाहिजे.

तिसऱ्या दिवशी मंडळाचे दोघं आले अन् पेटी घेऊन गेले. म्हणे, ही समाजाची ठेव आहे, नथ्थूजीची आठवण, मंडळात जपून ठेवू. कुलूप लावलं. आई काही बोलली नाही, मी तं बोलतच नाही. पण त्यायनं एक पाहिलं नाही. मी बादलीतली दोरी त्याच दिवशी सकाळी काढून तशीच पेटीत ठेवली होती. ओली. अकरा दिवस झाले ती कुलपात आहे. सडून राह्यली असन. तुम्ही जपून राह्यले, अन् ती आत सडून राह्यली.

ती पेटी आमच्या मागाखाली परत पाहिजे. मी दोरी उन्हात टाकीन. सडली असन तं नवी वळीन, अंबाडीची. अन् पुढच्या वेळी, ज्याच्या कोणाच्या घरी होईन त्याच्या घरी, बांबू आमच्याच ओसरीवर आणजा. मी बांधीन.

कोणी हसलं मागं. हसा. मी काल रात्री आईले हे वाचून दाखवलं तेव्हा तीही आधी हसली. म्हणे, "पोट्टी बांधते म्हटल्यावर ह्या मोहल्ल्यातले माणसं मराचंच सोडतील." मंग म्हणे, "बांध. मी बादली भरून ठेवीन. सवयच आहे मले."

घाटावर मी येणार नाही. खांदा तुमचा, रस्ता तुमचा. मी फक्त पहिली गाठ मारीन, अन् बाकीच्या. ज्याले शिकाचं त्यानं माह्यासमोर येऊन बसावं, बिडी बाहेर टाकून. मी बोलून शिकवू शकत नाही, पण हात दाखवीन. दौलतकाका, तुम्ही पहिले बसजा. शेवटची गाठ घरच्यानंच माराची, ती रीत मी मोडत नाही. तेवढी तुम्हाले येते.

उद्या सकाळी मी मंडळात येईन. महादेवरावजी, चावी आणून ठेवजा. मले मागता येणार नाही. मी नुसती दारात उभी राहीन. तुम्ही समजून घेजा.

संपलं माहं.

बाबा, तुम्ही म्हणत होते, जित्याले उशीर झाला तं चालते. नाही चालत. पण हे तुम्हाले सांगाले मलेच उशीर झाला.

आता सगळ्यायनं उभं राहावं. दोन मिनिटं. कोणी घड्याळ पाहू नका, मी सांगीन. अन् पुढं पाहा. मागं कोणी पाहू नका.

झालं. बसा.

ती चिठ्ठी राह्यली. वाचते. कोपऱ्यावरच्या रेशनच्या दुकानात मातीच्या तेलाची गाडी आली आहे. कार्ड अन् डबा घेऊन लवकर या.